एका अक्षराला एकच टुक

"अगं, पण तू नक्की करतेस काय?" हा प्रश्न गेल्या दिवाळीत मला किमान सहा जणांनी विचारला. मी प्रत्येकाला "गेमसाठी आवाज करते" एवढंच सांगितलं, आणि प्रत्येकाने पुढे "म्हणजे बंदुकीचे वगैरे?" असं विचारलं. नाही हो. आमच्या गेममध्ये एकही बंदूक नाही. मी टुक करते. आता हे फोनवर कितीही समजावलं तरी समोरून "हं हं, छान छान" एवढंच येतं, म्हणून एकदा सविस्तर लिहूनच टाकते. मावशी, तू हे वाचणार आहेस हे मला पक्कं माहीत आहे. तेव्हा पुढच्या दिवाळीला परत विचारू नकोस :)

तर बघा. काही गेममध्ये माणसं एकमेकांशी बोलतात. कोणी बोलायला लागलं की पडद्यावर खाली एक चौकट येते. वाक्य त्यात एकदम छापलेलं येत नाही, डावीकडून एकेक अक्षर उमटत जातं, आणि प्रत्येक अक्षराबरोबर बारीकसा आवाज येतो. टुक टुक टुक टुक. स्वल्पविराम आला की क्षणभर थांबतं. वाक्य संपलं की कोपऱ्यात एक छोटा बाण लुकलुकत राहतो. आपण बटण दाबलं की पुढचं वाक्य. हा जो टुक आहे ना, तो माझा. लांबी साधारण पन्नास मिलिसेकंद, म्हणजे एका सेकंदाचा विसावा भाग. एवढ्याशा गोष्टीवर मी गेले चार महिने बसले आहे हे ऐकून आमच्या एका काकांनी कपाळाला हात लावला होता. त्यांचंही बरोबरच आहे म्हणा.

हा टुक आला कुठून? गरिबीतून. १९८५ साली आलेला निन्टेन्डोचा सुपर मारिओ ब्रदर्स हा अख्खा गेम अवघ्या ४० किलोबाइटचा होता. आज आपण मोबाइलवर एक फोटो काढतो, त्या एका फोटोच्या जागेत असे पन्नासेक मारिओ मावतील. उलट सीडीच्या दर्जाचं एका माणसाचं नुसतं एक सेकंदाचं बोलणं साठवायचं तर ८८ किलोबाइट लागतात. म्हणजे मारिओने एकदा नीट "अरे बापरे" म्हटलं असतं तर दोन गेमची जागा गेली असती! तेव्हा माणसांना आवाज देणं शक्यच नव्हतं. मग मशीनला जे जमत होतं ते त्यांनी केलं, अक्षरागणिक एक बारीक ठोका. १९८६ च्या झेल्डामध्ये गुहेतला म्हातारा असाच बोलतो.

पण गंमत पुढे आहे. गरिबी गेली, जागा मुबलक झाली, तरी टुक गेला नाही. २००१ मध्ये जपानमध्ये एस अटर्नी नावाचा कोर्टातल्या खटल्यांचा गेम आला. त्यात बाईचा टुक वरच्या पट्टीत आणि पुरुषाचा खालच्या, आणि जागा-तारीख पडद्यावर उमटताना मात्र टाइपरायटरची खडखड. त्याच वर्षीच्या ॲनिमल क्रॉसिंगमध्ये प्राण्यांची एक बोलीच तयार केली, अक्षरांचे उच्चार भराभर पळवून. २०१५ च्या अंडरटेलमध्ये जवळजवळ प्रत्येक मुख्य पात्राचा टुक वेगळा आहे. २०१८ च्या सेलेस्टमध्ये पात्रं काहीतरी अगम्य पुटपुटतात, पण कोण वैतागलंय आणि कोण घाबरलंय ते बरोबर कळतं. या सगळ्यांना खरे आवाज घेता आले असते. त्यांनी घेतले नाहीत. का, ते मला काम करता करता हळूहळू समजत गेलं.

आमचा गेम अगदी छोटा आहे. तिघंजण मिळून करतोय. कोड लिहिणारा मित्र पुण्यात, चित्रं काढणारी मैत्रीण कोल्हापुरात आणि आवाज करणारी मी सोलापुरात. एक मुलगी सुट्टीत आजोळी येते आणि आजोबांचा हरवलेला रेडिओ शोधत गावभर हिंडते, एवढीच गोष्ट. गावाचं नाव दिलेलं नाही, पण कन्ना चौकात वाढलेल्या कोणालाही दोन मिनिटांत ओळखू येईल. गोष्टीत एक कडक आजी आहे, एक बडबड्या रिक्षावाला, वाचनालयातले एक हळू बोलणारे गृहस्थ आणि एक यंत्रमाग कामगार. आणि सगळं मराठीत आहे. इथेच आमच्या टुकाची पहिली पंचाईत झाली.

इंग्रजीत अक्षर म्हणजे अक्षर. एक उमटलं, एक टुक. मराठीत एक अक्षर म्हणजे काय, हे आधी ठरवावं लागतं. आपण 'स्त्री' लिहितो तेव्हा ते एकच अक्षर असतं, शाळेत बाईंनी तसंच शिकवलंय. पण कॉम्प्युटरच्या पोटात त्याचे सहा तुकडे असतात: स, पाय मोडायची खूण, त, परत पाय मोडायची खूण, र आणि दुसरी वेलांटी. गेम बनवण्याच्या तयार सामानात साधा हिशोब लावला की एका 'स्त्री'ला सहा टुक वाजतात. पडद्यावर आधी स येतो, मग त्याचा पाय मोडतो, मग त येऊन चिकटतो... डोळ्यांसमोर अक्षराची अशी कसरत चाललेली असते. 'ज्योत्स्ना'ची तर दशाच. अक्षरं दोन, तुकडे दहा. आणि पहिली वेलांटी? 'कि' लिहिताना आधी क उमटतो, मग अचानक तो उजवीकडे सरकतो आणि त्याच्या डाव्या अंगाला वेलांटी उगवते. वाचणाऱ्याला वाटतं आपल्याच डोळ्यांत काही बिघाड झाला.

मला यावरून माझा टायपिंगचा क्लास आठवला. बारावीनंतरच्या सुट्टीत मी मराठी टायपिंगची ३० शब्दांची परीक्षा दिली होती. त्या मशीनवर पहिली वेलांटी आधी मारायची आणि अक्षर नंतर. 'ख' पाहिजे असेल तर अर्धा ख मारून पुढे काना द्यायचा, म्हणजे एका अक्षराला दोन ठोके. आणि काही कळा अशा की ठोका वाजतो पण कॅरेज जागचं हलत नाही. ठोके आणि अक्षरं यांचं गणित तिथेही जमलेलं नव्हतंच. फक्त तिथे ते बोटांना माहीत असायचं, कानांना कोणी विचारत नव्हतं.

पुण्याच्या मित्राने यावर बराच खल केला. ज्या युनिकोडच्या आधारावर आज आपण सगळे मराठी लिहितो-वाचतो, त्याच्या मजकूर तोडण्याच्या सर्वसाधारण नियमांत देवनागरी जोडाक्षर एकसंध धरायची सोय २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आली. त्याआधीच्या नियमाने 'स्त्री'चे तीन भाग पडायचे. मला हे वाचून जरा आश्चर्यच वाटलं. पहिलीतल्या पोराला जे कळतं ते यंत्राला कळायला इतकी वर्षं लागावीत! असो. आता आमच्या गेममध्ये 'स्त्री' एकदम उमटते आणि तिला एक टुक मिळतो. 'सोलापूर'ला सात तुकडे असले तरी चारच टुक. सो, ला, पू, र. एका अक्षराला एकच टुक. हे जमलं त्या दिवशी आम्ही तिघांनी फोनवरच एकमेकांना पेढे भरवले.

हे जमल्यावर एक गोष्ट आपोआप झाली, जी आम्ही ठरवली नव्हती. टुक बोलायला लागले. म्हणजे शब्द नाही हो, पण चाल आली. आपण बोलतो तेही अक्षरागणिकच बोलतो ना? तुकड्यांच्या हिशोबाने वाजत होतं तेव्हा ते नुसतं यंत्र वाटत होतं, पत्र्यावर पाऊस पडावा तसं. अक्षरांच्या हिशोबाने वाजायला लागलं तेव्हा पाठ करून बसून ऐकलं तरी कळायचं की कोणीतरी मराठी बोलतंय, शेजारच्या खोलीत, भिंतीपलीकडे. मग मी दीर्घ अक्षराला ऱ्हस्वाच्या दुप्पट वेळ देऊन पाहिलं, आपल्या लघु-गुरूसारखं. पण तसं केल्यावर सगळी पात्रं शाळेत उभं राहून कविता म्हणतायत असं व्हायला लागलं. तेव्हा तो मसाला चिमूटभरच ठेवलाय. रिक्षावाल्याला मात्र जरा जास्त. इथलं "येऊलालो, जाऊलालो" ज्यांनी ऐकलंय त्यांना माहीत आहे, त्या 'ला'वर गाडी कशी हेलकावे खाते ते.

दुसरा प्रश्न वेगाचा. सेकंदाला दहा-बारा टुक असले तर कान ते सुटे सुटे ऐकतो. वीसच्या वर गेले की कान मोजणं सोडून देतो आणि त्याला एक सलग घरघर ऐकू येते. याचं उदाहरण शोधायला मला लांब जावं लागलं नाही. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कोणत्याही गल्लीत उभं राहावं. एक यंत्रमाग मिनिटाला समजा सव्वाशे वेळा धोटा मारतो, म्हणजे सेकंदाला दोन. एकटा माग चालू असेल तर खटक्-खटक् नीट मोजता येतं. पण कारखान्यात असे २४ माग असले की सेकंदाला पन्नास टोले, आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. मग ते खटक्-खटक् राहत नाही. नुसता गडगडाट होतो, आणि तो अंगात शिरतो.

आमच्या अण्णांनी त्या गडगडाटात ३४ वर्षं काढली.

हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे, पण नवीन वाचणाऱ्यांसाठी सांगते. अण्णा म्हणजे माझे वडील. सोलापुरी चादरीच्या मागावर होते. विणकर कारखान्यात तोंडाने फारसं बोलत नाहीत, बोलून उपयोग नसतो. हातवारे आणि ओठ, त्यावर सगळा कारभार. एकदा वाचताना कळलं की इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांतल्या बायकाही अशाच ओठांनी बोलायच्या आणि त्या बोलण्याला तिकडे नावही होतं, मी-मॉ. म्हणजे जगात जिथे माग तिथे मुकी भाषा आलीच. पण याच अण्णांना तेवढ्या गडगडाटातून आपल्या एका मागाचा ठोका चुकला की पाठमोरं असतानाही कळायचं. धागा तुटायच्या आधी कळायचं असं ते म्हणतात. त्यांच्याबरोबरचे लोकही तेच म्हणतात, तेव्हा खरं असणार.

आता अण्णा ७१ वर्षांचे आहेत आणि त्यांना ऐकू कमी येतं. ऐकू 'येत नाही' असं नव्हे, हे समजावून सांगणं फार कठीण आहे. गोंगाटाने जाणारे कान सगळ्या बाजूंनी सारखे जात नाहीत. आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, साधारण ४००० हर्ट्झच्या आसपासचे. डॉक्टरांनी काढलेल्या आलेखात तिथे एक खड्डा दिसतो. पुढे वय आपला वाटा घेतंच, आणि तो खड्डा रुंद होत जातो. खालचे आवाज बऱ्यापैकी शाबूत राहतात. बोलण्यातले स्वर खालचे असतात आणि स, श, त, फ अशी बारीक व्यंजनं वरची. त्यामुळे अण्णांना आपण बोलतोय हे ऐकू येतं, आपला आवाज ओळखू येतो, पण काय बोलतोय ते कळत नाही. 'साखर' आणि 'भाकर' त्यांना एकच. मग लोक म्हणतात, "यांना पाहिजे तेव्हा बरोबर ऐकू येतं." कानाचं मशीन आणलंय, ते कपाटात आहे. ते म्हणतात त्यात भांड्यांचा आवाज मोठा येतो, माणसांचा नाही.

अशा माणसाच्या घरात काय होतं ते ज्यांच्याकडे असं कोणी आहे त्यांनाच कळेल. जेवताना चौघं बोलत असतात. कोणीतरी विनोद करतं, सगळे हसतात. आणि सगळे हसलेले पाहून, अर्धा क्षण उशिराने, अण्णाही हसतात. "काय म्हणाला?" असं ते पूर्वी विचारायचे. त्यावर घरोघरी एक ठरलेलं उत्तर असतं, "काही नाही, नंतर सांगते." ते नंतर कधी येत नाही, कारण विनोद नंतर सांगण्यासारखा उरत नाही. हल्ली ते विचारत नाहीत.

तर ही झाली एक गोष्ट, आणि माझे टुक ही दुसरी. त्या एकमेकींना भेटतील असं माझ्या डोक्यातही नव्हतं. दिवाळीनंतर एका दुपारी मी लॅपटॉपवर आमच्या गेमचा पहिला भाग लावून भाचरांना दाखवत होते. अण्णा मागे येऊन उभे राहिले. थोडा वेळ बघून म्हणाले, "आवाज नाही का ह्याला?" आवाज होता. चांगला मोठा होता. पण या प्रकारचे टुक बहुतेक जण करतात तसेच माझेही वरच्या पट्टीतले होते. टिण टिण, स्वच्छ, काचेसारखे, अडीच-तीन हजार हर्ट्झच्या भागात. अगदी नेमके अण्णांच्या खड्ड्यात पडणारे.

मग मनात म्हटलं, खाली आणू या. पण खाली किती आणणार? आमचा गेम बहुतेक लोक मोबाइलवर खेळणार. मोबाइलचा स्पीकर असतो नखाएवढा. चार-पाचशे हर्ट्झच्या खालचं त्याला झेपतच नाही, ढोल वाजवा नाहीतर ताशा, खालून नुसती फुरफुर येते. म्हणजे खाली मोबाइलचा तळ आणि वर अण्णांचं छत. मधे उरली एक खिडकी, पाचशे ते पंधराशे हर्ट्झ. आजी, रिक्षावाला, वाचनालयवाले, मागवाला आणि ती मुलगी, सगळ्यांना या एका खिडकीतून बोलायचं आणि तरी वेगवेगळं ओळखू यायचं.

गेले चार महिने मी काय करतेय, तर हे.

पट्टी वरखाली करून माणसं वेगळी करता येईनात, कारण जागाच तेवढी नाही. मग उरला पोत आणि उरली लय. पोतासाठी घर पालथं घातलं. वाचनालयातल्या गृहस्थांना पेटीचा एक स्वर दिला, भाता हळू दाबून, कडा बोथट करून. रिक्षावाल्याला स्टीलच्या डब्याचं झाकण, आत शेंगाचटणी अर्धी भरलेली असताना, रिकामा डबा फार ठणठणतो. आजीसाठी मला कडक भाकरी मोडल्याचा आवाज हवा होता. सोलापूरची आजी आणि कडक भाकरी, याच्यापुढे काय हवं? पण तो कडकडाट सगळा वरचा, तीन हजारांच्या आसपासचा. तेव्हा तो निम्म्या वेगाने वाजवला. वेग निम्मा केला की आवाज एक सप्तक खाली येतो, तीन हजारांचे दीड हजार होतात. भाकरी जरा जाड झाली, पण आजीला शोभली. त्या नादात आईने केलेल्या अकरा भाकऱ्या मी मायक्रोफोनसमोर मोडल्या. आई म्हणाली, "मोडलेल्या खाणार कोण?" सगळ्यांनी मिळून खाल्ल्या, आमटीत कुस्करून.

लय मात्र वस्तूंतून मिळत नाही, ती माणसांतून आणावी लागते. इथे मला तारवाल्यांची गोष्ट फार उपयोगी पडली. मोर्सच्या कड-कट्टच्या जमान्यात तार पाठवणारा कोण आहे हे पलीकडच्या जुन्या ऑपरेटरला नुसत्या ठोक्यांवरून ओळखू यायचं. ठिपका आणि रेघ सगळ्यांना सारखेच, पण प्रत्येकाचा हात वेगळा. आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण हे हातावरून ओळखणं मला विसरता येत नाही. म्हणजे माणूस त्याच्या आवाजात असतो तितकाच त्याच्या थांबण्यातही असतो. आजी वाक्याच्या मधे थांबत नाही, पण वाक्य संपल्यावर बराच वेळ थांबते, समोरच्याला घाम फुटेल इतका. रिक्षावाला स्वल्पविराम मानतच नाही. वाचनालयवाले प्रत्येक वाक्याच्या पहिल्या शब्दानंतर अडतात. आणि प्रत्येक टुक आधीच्यापेक्षा किंचित वेगळ्या पट्टीत, शंभरात तीन-चार इतकाच फरक, नाहीतर एकच टुक लागोपाठ दहा वेळा आला की माणूस मरतो आणि शिवणयंत्र उरतं.

फेब्रुवारीत अण्णांना परत बसवलं. या वेळी मुद्दाम. मोबाइल हातात दिला, कुठे दाबायचं ते दाखवलं आणि मी स्वयंपाकघरात गेले, कारण शेजारी बसून राहिलं की त्यांना परीक्षा वाटते. वीस मिनिटांनी बाहेर आले तर अजून खेळत होते. मला बघून म्हणाले, "ही म्हातारी रागात आहे की."

त्या प्रसंगात आजी फक्त "बस. जेवून जा." असं म्हणते. शब्दांत राग कुठेच नाही. राग फक्त त्या 'बस'नंतरच्या थांबण्यात ठेवला होता. पुण्याच्या आणि कोल्हापूरच्या दोघांनाही तो कळला नव्हता, मी विचारून पाहिलं होतं. अण्णांना कळला. ३४ वर्षं २४ मागांतून एकाचा चुकलेला ठोका वेचणारे कान आहेत ते. त्यातलं वरचं छप्पर उडालंय, पण ठोका मोजायचं काम ते अजून चोख करतात. आणि आम्ही सगळे इतकी वर्षं त्यांच्याशी मोठ्याने बोलत होतो. मोठ्याने बोललं की पहिली मरते ती लय.

पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मी ज्या गोष्टीकडे बघत राहिले ती टुक नव्हतीच. तो कोपऱ्यातला बाण होता, लुकलुकणारा. अण्णा वाक्य उमटताना बघायचे, टुक ऐकायचे, संपल्यावर परत एकदा सावकाश वाचायचे, ओठ हलवत. मग थांबायचे. मग बटण. आणि समोरची म्हातारी, रिक्षावाला, सगळे त्यांच्यासाठी थांबून राहायचे. "नंतर सांगते" म्हणून कोणी पुढे निघून जात नव्हतं. रिक्षावाल्याचा एक अगदी भिकार विनोद आहे (माझाच आहे), त्यावर अण्णा हसले. कोणाच्या हसण्याकडे न बघता, बरोबर वेळेवर.

खरे आवाज घेणं आज आम्हालाही शक्य होतं. नाट्यशिक्षण घेतलेली दोन-तीन मंडळी इथे ओळखीची आहेत, त्यांनी आनंदाने केलं असतं. पण तसा गेम अण्णांच्या घरच्या जेवणासारखाच झाला असता. बोलणारे बोलत पुढे गेले असते आणि ते खालच्या अक्षरांमागे धावत राहिले असते. टुकाला शब्दांचं ओझं नाही. शब्द डोळ्यांना मिळतात, आणि कोण बोलतंय, कसं बोलतंय तेवढं कानाला. कानाकडे जितकं उरलंय तितक्यात ते भागतं. गरिबीतून आलेली गोष्ट कधी कधी अशा ठिकाणी कामाला येते.

याने अण्णांचं ऐकणं सुधारलं वगैरे काही नाही. जेवायच्या टेबलावर अजून तेच चालतं. फरक एवढाच की मी आता त्यांच्यासमोर बसते, शेजारी नाही, आणि ओरडत नाही. सावकाश बोलते, वाक्यं सुटी सुटी करून, मधे थांबून. भाच्याला पण शिकवलंय. त्याला ते फार आवडलंय, तो हल्ली सगळ्यांशीच तसं बोलतो, शाळेतून तक्रार यायची बाकी आहे.

गेमचं म्हणाल तर चार पात्रांचे टुक झालेत. मागवाला राहिलाय. त्याच्यासाठी घरात एक जुना धोटा आहे, दोन्ही टोकांना लोखंडी टोपी असलेला, हाताने घासून गुळगुळीत झालेला. तो पाटावर, जमिनीवर, तळहातावर आपटून पाहिला. लाकडाचा आवाज छान भरीव येतो, बरोबर खिडकीत बसतो. लय मात्र सापडत नव्हती. शेवटी परवा अण्णांनाच म्हटलं, तुम्हीच वाजवा. त्यांनी धोटा हातात घेतला, अंगठ्याने त्याचं टोक चाचपलं, आणि म्हणाले, "हा बोलणार काय ते आधी सांग." मी संवादाचे कागद त्यांच्यासमोर ठेवले. आता ते चष्मा लावून वाचत बसलेत आणि मधून मधून पेनाने एखादं वाक्य खोडतायत. कारखान्यातला माणूस एवढं बोलत नाही म्हणे.